शेजारच्या घरातले रडणे

मालवणहून तारकर्लीमार्गे दक्षिणेकडे निघालेला रस्ता देवबागेत संपतो. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी आणि दोहोंच्या मध्ये माडांनी भरलेली वाळूची चिंचोळी पट्टी, असे या गावाचे रूप आहे. पट्टीच्या टोकाशी नदी समुद्राला मिळते. जमीनच इतकी आखूड, की माणसांनी एकमेकांपासून दूर राहावे म्हटले तरी ते साधणारे नव्हे. एका घरात तिरफळाची आमटी उकळू लागली की वास शेजारी पोहोचतो आणि एका घरात तान्हे मूल रडू लागले की ते चार घरांना ऐकू जाते. पावसाळ्यात तर अधिकच. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारीला बंदी असते, पर्यटकांच्या बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, खोल्या रिकाम्या असतात आणि सारे घर दिवसभर एका छपराखाली कोंडलेले असते.

मूल रडणे ही काही बातमी नव्हे. मुले रडावयाचीच. परंतु केव्हा केव्हा ते रडणे निराळे असते. मोठ्या माणसाचा चढलेला आवाज, त्यापाठोपाठ फटक्याचा आवाज, मग मुलाची किंकाळी आणि मग एकदम शांतता. कोणत्याही गावातल्या, कोणत्याही चाळीतल्या शेजाऱ्याला हा क्रम अनोळखी नाही. तो ऐकणारा माणूस क्षणभर हातातले काम थांबवतो आणि पुन्हा कामाला लागतो. मालवणी मुलखात त्या वेळी मनात येणारे वाक्य ठरलेले आहे : “आपल्याक काय करूचा आसा?” मुंबईच्या सदनिकेत हेच वाक्य प्रमाण मराठीत मनात येते, इतकाच काय तो फरक.

देवबागचे नाव येथे घेतले ते तेथे काही विपरीत घडले म्हणून नव्हे. उलट, जेथे शेजार अजून जिवंत आहे, जेथे कोणाच्या घरात काय शिजते हे सर्वांना ठाऊक असते, अशा गावाचा तो एक नमुना आहे म्हणून. लहान मुलांना होणारी मारहाण वेळीच ओळखणे आणि थांबविणे जर कोठे शक्य असेल तर ते अशाच ठिकाणी. तेथेही ते होत नसेल, तर आड येते ती भिंत नव्हे. दुसऱ्याच्या घरात लक्ष घालू नये हा आपण सुसंस्कृतपणाचा मानलेला संकेत आड येतो. तो संकेत प्रौढांच्या बाबतीत योग्य असेल. परंतु ज्याला चालता येत नाही, बोलता येत नाही, दार उघडून बाहेर पडता येत नाही, त्याच्या बाबतीत तो पाळणे म्हणजे त्याला एकटे सोडणे होय.

मोजदादीतून सुटलेली मुले

हा प्रश्न काल्पनिक नाही. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये बालकांच्या छळासंबंधी देशव्यापी अभ्यास प्रसिद्ध केला. महाराष्ट्रासह १३ राज्यांतील १२,४४७ मुलांशी त्यासाठी बोलणे झाले. त्यांपैकी ६९ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा शारीरिक छळ सोसला होता, म्हणजे तिघांपैकी दोघांनी. कुटुंबात ज्यांनी मार खाल्ला त्यांतील ८८.६ टक्क्यांना मारणारे हात आईचे अथवा वडिलांचे होते आणि बहुतेक मुलांनी ही गोष्ट कोणालाही सांगितलेली नव्हती.

आकड्यांचा अभ्यास करणाऱ्याला या अहवालातील एक उणीव चटकन जाणवावी. ज्या मुलांशी बोलणे झाले ती सर्व ५ ते १८ या वयोगटातील होती. पाचाच्या आतील मुलाला प्रश्नावली देता येत नाही. त्यामुळे जे सर्वांत दुबळे, ज्यांच्या हाडांत आणि कवटीत मार सोसण्याची शक्ती सर्वांत कमी, ती मुले या हिशेबात आलीच नाहीत. त्यात संशोधकांचा दोष नाही. जो बोलू शकत नाही तो मोजणीतून सुटतो, हा सर्वच मोजण्यांचा स्वभाव आहे. युनिसेफने २०१७ मध्ये जगभरातील पाहण्यांचा जो गोषवारा काढला त्यात २ ते ४ वर्षे वयाच्या दर चार मुलांमागे तिघांना घरच्या माणसांकडून नियमितपणे मार अथवा मानसिक जाच सोसावा लागतो, असे दिसले. अशा मुलांची संख्या सुमारे ३० कोटी होते. ही माहिती पालकांनी स्वतः दिलेली आहे. तेव्हा जे सांगितले गेले नाही ते याहून अधिक असणार, हे उघड आहे.

डॉक्टरांनाही दिसत नव्हते

जे डोळ्यांसमोर आहे ते न दिसण्याचा हा रोग केवळ अडाण्यांचा आहे, असे कोणी समजू नये. पॅरिसमधील आंब्रुआझ तार्दिए या न्यायवैद्यकाच्या प्राध्यापकाने १८६० मध्येच आईबापांच्या हातून जखमी झालेल्या व मेलेल्या मुलांची वर्णने छापली होती. ती विस्मरणात गेली. १९४६ मध्ये जॉन कॅफे या अमेरिकी क्ष-किरणतज्ज्ञाला काही तान्ह्या मुलांच्या कवटीत रक्तस्राव आणि त्याच मुलांच्या हातापायांच्या लांब हाडांत अस्थिभंग आढळले. कारण कळत नाही, असे त्याने नोंदविले. अखेर १९६२ मध्ये डेन्व्हर येथील बालरोगतज्ज्ञ सी. हेन्री केम्प व त्यांचे सहकारी यांनी अमेरिकेतील इस्पितळांकडे विचारणा केली. ७१ इस्पितळांनी वर्षभरातील ३०२ मुले कळविली. त्यांतील ३३ दगावली होती आणि ८५ मुलांच्या मेंदूला कायमची इजा झाली होती. केम्प यांनी या अवस्थेला ‘मार खाल्लेल्या मुलाची लक्षणे’ असे सरळ नाव दिले. डॉक्टरांनी आजवर हे का ओळखले नाही, याचे त्यांनी दिलेले उत्तर आजही विचार करण्यासारखे आहे. समोर बसलेले, काळजीत दिसणारे आईबाप असे करू शकतील यावर डॉक्टरांचे मन विश्वासच ठेवू इच्छीत नव्हते.

आपल्याकडे हे नाव वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर आले ते १९६२ नंतर अर्धशतकाने. जानेवारी २०१२ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत दोन वर्षांची एक बालिका जबर जखमी अवस्थेत आणली गेली आणि दोन महिने झुंजून मार्चमध्ये गेली. त्यानंतर महिन्याभरातच बंगळूरमध्ये तीन महिन्यांची एक मुलगी मारहाणीने दगावली. मुलगी झाली म्हणून बाप नाराज होता. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१६ मध्ये नवी मुंबईतील खारघर येथे एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बालिकेला आयाने केलेली मारहाण छायाचित्रणात सापडली आणि सारे राज्य हादरले. त्या बालिकेच्या अंगावरील इजा आईवडिलांच्या नजरेस आली म्हणून ते चित्रण तपासले गेले. ज्या घरांत कॅमेरा नाही आणि इजा करणारा हात घरचाच आहे, तेथे तपासावयाचे कोणी?

शरीराची साक्ष

उत्तर एवढेच, की ज्यांच्या नजरेला ते मूल पडते त्यांनी. मूल बोलत नाही, पण त्याचे शरीर बोलते. ती भाषा वाचण्यास वैद्यकाची पदवी लागत नाही. आपल्या मुलांना वाढविताना जे पाहिले ते आठवले तरी पुरे.

पहिला नियम वयाचा. मूल चार महिन्यांच्या सुमारास पालथे पडू लागते, आठव्या-नवव्या महिन्यात रांगते, वर्षाच्या आगेमागे पाऊल टाकते. जे मूल अजून सरकतही नाही त्याच्या अंगावर काळेनिळे डाग येण्याचे कारण नाही. चार महिन्यांच्या आतील बाळाच्या अंगावर एक जरी असा डाग दिसला, तरी ते बाळ डॉक्टरांना दाखविले पाहिजे. तान्ह्याचा हात किंवा मांडीचे हाड मोडले असेल आणि “झोपेत वळला” असे सांगितले जात असेल, तर तो खुलासा त्या वयाला शोभणारा नाही.

दुसरा नियम जागेचा. धावणारे मूल पडते ते पुढे पडते. म्हणून गुडघे, नडग्या, कोपरे, कपाळ येथे खरचटलेले असावयाचेच. असे डाग निरोगी बाळपणाची खूण होत. परंतु कान, मान, पोट, पाठ, कुल्ले, मांडीची आतली बाजू या जागा पडण्याने सहसा लागत नाहीत. चार वर्षांच्या आतील मुलाच्या कानावर, मानेवर किंवा धडावर डाग असतील, तर विचारणा व्हावयास हवी.

तिसरा नियम आकाराचा. अपघाताला आकार नसतो, हत्याराला असतो. दोरी दुमडून मारली तर फासाच्या आकाराचा वळ उठतो, पट्ट्याचा समांतर रेघांचा, हाताचा पाच बोटांचा. विडीचा चटका वाटोळा आणि काठ स्पष्ट असलेला असतो. गरम पाणी अंगावर सांडले तर डाग ओघळतो, वेडावाकडा पसरतो. हातपाय धरून पाण्यात बुडविले तर मोजा घातल्यासारखी सरळ रेघ दिसते.

चौथा नियम हकिगतीचा. दुखापत सकाळची आणि डॉक्टरकडे धाव दुसऱ्या दिवशी. आई एक सांगते, वडील दुसरे सांगतात, आजी तिसरे सांगते. मागच्या वेळी एक दवाखाना, या वेळी दुसरा. अशा ठिकाणी शंका घेणे हे पाप नव्हे. शिवाय मुलाची वागणूक असते. कोणी हात उचलला की दचकून डोके झाकणारे, परक्यांनाही चटकन बिलगणारे किंवा उलट दगडासारखे स्तब्ध बसून मोठ्यांच्या चेहऱ्यावर पाळत ठेवणारे मूल काही सांगत असते.

या सर्वांहून घातक प्रकार मात्र अंगावर एकही खूण ठेवीत नाही. तो म्हणजे रडणाऱ्या तान्ह्याला खांद्यांना धरून गदागदा हलविणे. तान्ह्याचे डोके शरीराच्या मानाने जड आणि मान दुबळी. त्या हिसक्यांनी मेंदू कवटीत हिंदकळतो, रक्तवाहिन्या तुटतात आणि बाहेरून काहीही न दिसता मूल सुस्त होते, दूध सोडते, ओकू लागते, झटके देते. काही दगावतात, काही जन्माची अधू होतात. पाळण्याच्या झोक्याने किंवा मांडीवर थोपटण्याने असे कधी होत नाही, हेही सांगितले पाहिजे, नाहीतर आयाबाया उगाच धास्तावतील.

घाईने निष्कर्ष काढण्याविरुद्धही सावध राहावयास हवे. भारतीय बाळांच्या कमरेवर, कुल्ल्यांवर जन्मतः निळसर डाग असतात. ते माराचे नव्हेत आणि वयाबरोबर फिके होतात. रक्त न गोठण्याचे, हाडे ठिसूळ असण्याचे आजारही असतात. वळाच्या रंगावरून तो किती दिवसांचा हे ठरविणे डॉक्टरांनाही खात्रीने जमत नाही. शेजाऱ्यांनी तो उद्योग करू नये. आणखी एक गोष्ट आपल्या राज्याची. पोट फुगलेल्या तान्ह्याच्या पोटावर तापलेल्या लोखंडाचे चटके देण्याची प्रथा मेळघाटात अद्याप पुरती गेलेली नाही. त्या बातम्या अधूनमधून येतच असतात. तेथे आईच्या मनात क्रौर्य नसते, असते ती मूल वाचविण्याची तळमळ. परंतु बाळाच्या कातडीला हेतू कळत नाही. अशा ठिकाणी फौजदारापेक्षा आरोग्यसेविका आधी पोहोचली पाहिजे. हा विवेक सुटला, तर ओळखण्याच्या नावाखाली केवळ बोटे दाखविणे उरेल.

मारणारा हात कोणाचा?

मुलाला मारणारा माणूस राक्षस असतो, ही समजूत सोयीची आहे, कारण आपण राक्षस नसल्याचे प्रमाणपत्र ती आपल्याला देते. अनुभव तसा नाही. बहुतेक वेळा मारणारा माणूस थकलेला, एकटा पडलेला आणि हातात दुसरा उपाय नसलेला असतो. मारहाण केवळ गरिबांच्या घरी होते, हेही खरे नाही. सुखवस्तूंच्या भिंती जाड असतात, म्हणून तेथला आवाज बाहेर येत नाही. तथापि ताण आणि मार यांचा संबंध नाकारता येणार नाही. दारू, कर्ज, अनिश्चित मिळकत, नकोशी झालेली मुलगी, लागोपाठची बाळंतपणे आणि झोपेचा अभाव यांतून संयमाचे भांडवल संपत जाते. ते संपले की शेवटची वसुली घरातल्या सर्वांत दुबळ्या जिवाकडून होते.

किनारपट्टीच्या जीवनाकडे या दृष्टीने पाहिले, तर मिळकतीचा ऋतू आणि घरातला ताण यांचे नाते समजू शकते. पूर्वीचे सिंधुदुर्ग मुंबईच्या मनिऑर्डरींवर चालत असे; मिळवता पुरुष गिरणीत, बाई मुलांसह गावी. आता देवबाग-तारकर्लीच्या पट्ट्यात पर्यटन आले. पैसा आला तो आठ महिन्यांच्या हंगामाने. हंगामात घरची बाई पाहुण्यांची जेवणे रांधण्यात पहाटेपासून रात्रीपर्यंत गुंतलेली आणि पावसाळ्यात मिळकत थांबलेली, हप्ते मात्र चालू. २००१ ते २०११ या दशकात ज्या मोजक्या जिल्ह्यांची लोकसंख्या घटली त्यांत सिंधुदुर्ग आहे. ती ८ लाख ६८ हजारांवरून ८ लाख ४९ हजारांवर आली. माणसे बाहेर गेली म्हणजे मूल घटकाभर सांभाळणारे हातही गेले. ज्या घरात आजी, काकी, आत्या होत्या, तेथे आता एकटी आई किंवा म्हातारे आजी-आजोबा आहेत. एकत्र कुटुंबात मार नव्हता असे नाही. पण “पुरे झाले, सोड त्याला” असे म्हणणारे कोणीतरी होते.

या सर्वांच्या भरीला आपली परंपरागत श्रद्धा आहे, की मारल्यावाचून वळण लागत नाही. ‘श्यामची आई’ हे पुस्तक १९३५ पासून मराठी घराघरांत वाचले जात आहे. पोहावयास जाण्यास भिणाऱ्या श्यामला त्याची आई शिंपटीने मारते, हा त्यातील प्रसंग वाचून पिढ्यान्‌पिढ्या डोळे ओले झाले. पण त्या प्रसंगातून पालकांनी घेतला तो मार. श्यामला मिळालेले बाकीचे अपार प्रेम घेण्याचे श्रम किती जणांनी केले? शिवाय श्याम सांगू शकत होता. सहा महिन्यांच्या बाळाला मारून कोणते वळण लावावयाचे असते? त्याला मारामागचे कारण कळत नाही. त्याला कळते ते एवढेच, की ज्या हातांनी भरवावयाचे तेच हात दुखवितात.

कायदा उशिरा येतो

कायद्यांची उणीव आहे असे म्हणता येणार नाही. मुंबई इलाख्यात मुलांसाठीचा स्वतंत्र कायदा १९२४ मध्येच झाला. बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय संहितेला भारताने १९९२ मध्ये मान्यता दिली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शाळेतील शारीरिक शिक्षा बंद केली. २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या ७५ व्या कलमानुसार, ज्याच्या ताब्यात मूल आहे त्याने मुलाला मारहाण केली, छळले किंवा जाणूनबुजून हेळसांड केली, तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही होऊ शकतात. सांभाळाचे काम करणाऱ्या संस्थेच्या नोकराने हे केले तर शिक्षा पाच वर्षांपर्यंत जाते. दुसरीकडे, बारा वर्षांच्या आतील मुलाच्या हितासाठी पालकाने सद्‌भावनेने केलेल्या कृतीला संरक्षण देणारे जुन्या दंडसंहितेचे ८९ वे कलम १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत २७ वे कलम म्हणून कायम राहिले आहे. ‘हितासाठी’ या शब्दाआड किती फटके बसतात, हा प्रश्न तेथे मोकळाच राहतो. स्वीडनने घरातील मारही १९७९ मध्ये कायद्याने बंद केला. आज साठांहून अधिक देशांनी तसे केले असून आपला शेजारी नेपाळ २०१८ मध्ये त्यांत सामील झाला.

तथापि कोणताही कायदा घडून गेल्यावर येतो. फौजदार येतो तेव्हा हाड मोडलेले असते. म्हणून खरा प्रश्न आहे तो त्याच्या आधीच्या पावलांचा, आणि ती पावले टाकणारी यंत्रणा सुदैवाने महाराष्ट्राच्याच मातीत घडली आहे.

एका भेटीचे मोल

ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाच्या कार्यास आरंभ केला आणि १९४५ मध्ये त्या बोर्डीच्या किनाऱ्यावर गेल्या. गरिबांची मुले शाळेत येत नाहीत हे पाहून अनुताई वाघ यांच्यासह त्यांनी शाळाच वस्तीच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द आणि ही कल्पना त्यातून आली. धाकावाचून, शिक्षेवाचून, मुलाच्या कलाने शिकविणे हा त्यांच्या पद्धतीचा कणा होता. २ ऑक्टोबर १९७५ पासून सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेने तो शब्द देशभर नेला. अंगणवाडीत मुलाचे वजन करण्यासाठी कपडे उतरवितात. म्हणजे घराबाहेरच्या ज्या व्यक्तीला तान्ह्याची पाठ आणि पोट नियमाने दिसते अशी गावात एकच व्यक्ती असते, ती म्हणजे अंगणवाडी सेविका. वजनाचा आकडा लिहिताना तिने अंगावरील खुणाही पाहाव्यात, एवढे तिला शिकविणे अवघड नाही.

दुसरी यंत्रणा गडचिरोलीची. डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बाईला शिकवून घरोघर नवजात बालकांची काळजी घेता येते, हे सिद्ध केले. तिसऱ्या वर्षी तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी उतरल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. २०११ पासून तीच पद्धत देशाने स्वीकारली. आता इस्पितळात बाळंत झालेल्या बाईच्या घरी आशा सहा वेळा जाते, आणि शेवटची भेट असते ४२ व्या दिवशी. येथे एक योग लक्षात घेण्याजोगा आहे. निरोगी बाळाचे रडणे जन्मानंतर वाढत जाते, सहाव्या ते आठव्या आठवड्याच्या सुमारास ते कळसाला पोहोचते आणि पुढे ओसरते. बाळाला हिसडले जाण्याचा धोका याच दिवसांत वाढतो. म्हणजे आशाची ४२ व्या दिवसाची भेट नेमकी त्या उंबरठ्यावर पडते.

त्या भेटीत चार वाक्ये अधिक बोलली जावीत. “हे दिवस सर्वांत जास्त रडण्याचे आहेत. भूक, ताप, ओले दुपटे पाहूनही रडे थांबत नसेल तर तो तुमचा दोष नव्हे. डोके भणभणू लागले तर बाळाला पाळण्यात सुरक्षित ठेवून दहा मिनिटे अंगणात जा. पण बाळाला कधीही हिसडू नका.” हे आईला सांगावे, तसेच बापाला आणि आजीला आवर्जून सांगावे. याला नवी इमारत लागत नाही, नवे पद लागत नाही, नवी तरतूद लागत नाही. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलावयाचे तर जादा खर्च जवळजवळ शून्य, आणि वाचतो तो एक अख्खा जन्म. अशा भेटींचा उपयोग होतो याला पुरावाही आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील एल्मायरा येथे १९७७ पासून पहिलटकरणींच्या घरी परिचारिका मूल दोन वर्षांचे होईतो जात राहिल्या. पंधरा वर्षांनी पाहिले तेव्हा, ज्या घरी त्या गेल्या होत्या तेथे मुलांच्या छळाच्या व हेळसांडीच्या नोंदी भेटी न मिळालेल्या घरांच्या जवळजवळ निम्म्याने कमी होत्या. त्या परिचारिका पहारा करण्यास गेल्या नव्हत्या. सोबत करण्यास गेल्या होत्या.

शेजाऱ्याचे कर्तव्य

आता उरतो तो शेजारी. त्याने काय करावे? चुगली करावी काय? घरे फोडावीत काय? ही भीती खोटी नाही, आणि म्हणूनच पायऱ्या नीट समजून घ्याव्यात.

पहिली पायरी मदतीची. रडे आणि आरडाओरड ऐकू आली की दार वाजवून काही मागण्याच्या निमित्ताने आत जावे. “गे बाय, झिलाक हय दी, तू वायच पड,” एवढे म्हणणारी शेजारची काकी कोणत्याही समितीहून लवकर पोहोचते. बाहेरचे माणूस दारात उभे राहिले की उगारलेला हात पुष्कळदा आपोआप खाली येतो. दुसरी पायरी सांगण्याची. पुन:पुन्हा होत असेल, तर अंगणवाडी सेविका, आशा, शाळेतील बाई किंवा गुरुजी यांच्या कानावर घालावे. गावपातळीवर बाल संरक्षण समितीची तरतूद आहे, ती कागदावर आहे की प्रत्यक्षात, हे ग्रामसभेत विचारण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. तिसरी पायरी निकडीची. जखम दिसत असेल, मूल सुस्त पडले असेल किंवा जिवाला धोका वाटत असेल, तर वाट पाहू नये. मुलाला इस्पितळात न्यावे आणि १०९८ क्रमांकावर कळवावे. टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबईत १९९६ मध्ये प्रयोग म्हणून सुरू केलेली ही सेवा आज सरकार चालविते आणि २०२३ पासून ती ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडली जात आहे. जिल्ह्यातील बालकल्याण समितीपुढे प्रकरण गेले म्हणजे मूल आईपासून तोडले जाते, असा समज आहे. परंतु मुलाने शक्यतो स्वतःच्याच कुटुंबात वाढावे हे बालन्याय कायद्याचे मूळ सूत्र आहे. शंका पुराव्याने सिद्ध करणे हे शेजाऱ्याचे काम नाही. त्याचे काम एवढेच, की जाणकाराच्या नजरेस मूल आणावे.

शिक्षकांचे स्थान येथे विशेष आहे. बालवाडीत आणि पहिलीत येणारे मूल दिवसाचे काही तास त्यांच्या समोर असते. पूर्ण बाह्यांचा सदरा घालून उकाड्यात बसणारे, घंटा झाली तरी घरी जाण्यास रेंगाळणारे मूल त्यांना दिसत असते. अशा मुलाला वर्गासमोर प्रश्न विचारू नयेत. जवळ बसवावे, ऐकून घ्यावे आणि त्याने सांगितले तर “तू खरे सांगितलेस हे चांगले केलेस” एवढे म्हणावे. अर्थात ज्या शिक्षकाच्या स्वतःच्या हातात छडी आहे त्याला मूल काही सांगणार नाही, हे निराळे सांगावयास नको.

लैंगिक अत्याचाराची खबर देणे २०१२ च्या कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक केले आणि त्यामुळे समाज निदान त्याविषयी बोलू लागला. साध्या मारहाणीविषयी मात्र आपले कान अजून तयार झालेले नाहीत. ‘घरचाच मार’ म्हणून तो माफ होतो. वास्तविक घरचा मार अधिक भयंकर, कारण त्यातून पळून जावयाचे म्हटले तर जावयाचे कोठे, या प्रश्नाला तान्ह्या मुलापाशी उत्तर नसते.

कोकणच्या किनाऱ्यावर होडी बुडू लागली तर कोणाची आहे हे कोणी विचारीत नाही. भांडण असलेला माणूसही पाण्यात उतरतो. समुद्राकाठच्या माणसाला तो धर्म शिकवावा लागत नाही. रापण ओढावयाची तर अख्खा वाडा दोराला हात लावतो. हा धर्म किनाऱ्यावरून उंबरठ्याच्या आत यावयाचा आहे. येत्या पावसाळ्यात, बोटी ओढलेल्या असताना आणि घरे भरलेली असताना, एखाद्या रात्री शेजारी मूल नेहमीपेक्षा निराळे रडेल, तेव्हा कोणीतरी उठून कंदील किंवा विजेरी हाती घ्यावी आणि जाऊन दार वाजवावे. दहा वेळा ते रडणे पोटदुखीचे निघेल, आणि त्या दहाही वेळा एका थकलेल्या आईला घटकाभर सोबत मिळालेली असेल. अकराव्या वेळी कदाचित एक मूल वाचलेले असेल.